पेम्ब्रोकशरला जाताना आधी भरतीचे वेळापत्रक, मग स्थळांची यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेडिंग येथे राहणारे एक मराठी कुटुंब जून महिन्यात पाच दिवसांसाठी वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाच्या पेम्ब्रोकशर परगण्यात जाणार आहे. बरोबर सांगलीहून आलेले आई-वडील आहेत. वडिलांना किल्ल्यांचे वेड आहे आणि आईंचे गुडघे दुखतात. दहा वर्षांच्या मुलीला पफिन पक्षी पाहायचे आहेत आणि यजमानांना भरपूर चालायचे आहे. प्रश्नासोबत सत्तावीस ठिकाणांची यादी जोडली आहे आणि विचारले आहे की कोणत्या क्रमाने जावे, काय सोडले तर चालेल आणि आईंना या सगळ्यात काही पाहता येईल का.

मी गेली एकवीस वर्षे वेल्समध्ये राहतो आणि त्यांतली चौदा वर्षे पदभ्रमंतीच्या गटांना वाट दाखवण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो, आणि बाकीचे सारे उत्तर तिच्यावरच उभे आहे. ती यादी सध्या बाजूला ठेवा आणि आधी तुमच्या पाच दिवसांचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक समोर घ्या. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती येणार असली की त्याची बातमी होते. पेम्ब्रोकशरच्या मिलफर्ड हेवन बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी सात मीटरच्या घरात चढते आणि सहा तासांत तितक्याच वेगाने उतरते. सकाळी जिथे तुम्ही कोरड्या वाळूवरून चालत बेटापर्यंत गेलात, तिथे संध्याकाळी दोन-तीन पुरुष पाणी असते. त्यामुळे इथले प्रत्येक स्थळ हे वास्तविक दोन स्थळे आहेत, एक भरतीचे आणि एक ओहोटीचे, आणि चुकीच्या वेळी गेले तर नेमके पाहायचे तेच दिसत नाही.

तुमच्या वडिलांना हा हिशेब लगेच कळेल. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते. पेम्ब्रोकशरमध्ये हे चक्र बरोबर उलटे आहे. इथे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती सकाळी आणि संध्याकाळी सातच्या आगेमागे येते आणि सर्वांत खोल ओहोटी, उन्हाळ्यातल्या घड्याळाप्रमाणे, दुपारी एकच्या आसपास लागते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, दुपारी भरती असते, पण ती बेताची. सहलीचे दिवस ठरवण्यापूर्वी घरातले पंचांग उघडले तरी अर्धी आखणी होते. नेमकी वेळ मात्र छापील वेळापत्रकातूनच घ्यावी.

मुक्काम दोन ठिकाणी करावा. पहिल्या दोन रात्री दक्षिणेला टेन्बी किंवा पेम्ब्रोक येथे आणि पुढच्या दोन सेंट डेव्हिड्स येथे. नकाशावर अंतरे किरकोळ दिसतात, परंतु शेवटचे रस्ते एका गाडीपुरते अरुंद असून दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे हिरवे बांध असतात. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घेत घेत रुंद जागेपर्यंत जावे लागते. एकाच ठिकाणी राहून रोज सर्वत्र धावण्याचा बेत आखणाऱ्यांचे निम्मे दिवस गाडीतच गेलेले मी पाहिले आहेत.

टेन्बीच्या वेल्श नावाचा अर्थ माशांचा छोटा गड असा होतो. फिकट गुलाबी, पिवळ्या, निळ्या घरांची रांग आणि खाली वळसा घेतलेले बंदर हे चित्र तुम्ही अनेकदा पाहिले असेल, परंतु वडिलांना आधी तटबंदीकडे न्यावे. मध्ययुगीन तटाचा बराच भाग अजून उभा आहे आणि त्यातील पाच कमानींच्या दरवाजासमोरचा अर्धवर्तुळाकार बुरूज पाहताना आपल्याकडच्या जिभीची किंवा हनुवटीची आठवण येते; हेतू तोच, की शत्रूला सरळ दारावर येता येऊ नये. गावाच्या कडेला सेंट कॅथरीन हे खडकाचे बेट आहे आणि त्यावर १८६७ ते १८७० या काळात फ्रेंच आक्रमणाच्या धास्तीने बांधलेला किल्ला आहे. ओहोटीला या बेटाच्या पायथ्याशी वाळूवरून चालत जाता येते आणि भरतीला ते पूर्ण वेगळे होते. समान चिन्ह, म्हणजे गणितातल्या दोन समांतर आडव्या रेघा, १५५७ च्या आपल्या ग्रंथात प्रथम वापरणारा रॉबर्ट रेकॉर्ड याच गावचा. दहा वर्षांच्या मुलीला हे आवर्जून सांगावे. टेन्बीहून होडीने कॅल्डी बेटावर जाता येते, जिथे १९२९ पासून सिस्टर्शियन पंथाचे भिक्षू राहतात आणि सुगंधी द्रव्ये व चॉकलेट तयार करतात. बेट शांत आहे, पण पाच दिवसांत मी ते धरणार नाही.

पेम्ब्रोकचा किल्ला मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, आणि त्याला किमान अर्धा दिवस द्यावा. नदीच्या वळणावर, तीन बाजूंनी पाणी असलेल्या चुनखडीच्या सुळक्यावर १०९३ साली नॉर्मन सरदारांनी इथे पहिली मेढेकोट उभी केली. पुढे १२०० च्या सुमारास विल्यम मार्शल याने दगडी बालेकिल्ला बांधला. हा गोल मनोरा जवळजवळ २४ मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावर दगडी घुमट आहे. आतले लाकडी मजले केव्हाच नष्ट झाले आहेत, त्यामुळे तळमजल्यावर मध्यभागी उभे राहून वर पाहिले की भिंतींत राहिलेल्या तुळयांच्या खाचा, अधांतरी लटकलेल्या शेकोट्या आणि अगदी वर घुमटाची थंड करडी वाटी एकाच नजरेत येते. पावसाळी दिवशी तिथे बोललेला शब्द क्षणभर घुमून परत येतो. किल्ल्याच्या पोटात वोगन नावाची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. चक्राकार जिन्याने खाली उतरावे लागते. अलीकडच्या उत्खननांत त्या गुहेत हिमयुगातील प्राण्यांची हाडे आणि प्राचीन माणसांची दगडी हत्यारे सापडली आहेत. उत्खनन चालू असताना गुहा बंद ठेवली जाते, म्हणून आधी चौकशी करावी.

या किल्ल्यात २८ जानेवारी १४५७ रोजी हेन्री ट्यूडर, म्हणजे पुढचा राजा सातवा हेन्री, जन्मला. आई मार्गारेट बोफर्ट तेरा वर्षांची होती आणि वडील एडमंड मुलाच्या जन्माआधीच, सुमारे तीन महिन्यांपूर्वी, कारमार्दनला कैदेत वारले होते. मुलाला सांभाळले ते चुलते जॅस्पर ट्यूडर यांनी. टेन्बीचा तट मजबूत करून घेणारे हेच जॅस्पर. १४७१ मध्ये घराण्याचा पक्ष हरला तेव्हा चौदा वर्षांच्या पुतण्याला घेऊन ते टेन्बीच्याच बंदरातून गलबतात बसून निसटले आणि आजच्या फ्रान्समधील ब्रिटनीला पोहोचले. चौदा वर्षांनी, ७ ऑगस्ट १४८५ रोजी, हेन्री परतला तो याच परगण्यात, डेल गावाजवळच्या मिल बे या लहानशा खाचेत उतरून. तिथून तो वेल्स ओलांडून गेला आणि दोन आठवड्यांत बॉसवर्थची लढाई जिंकून राजा झाला. जन्म, पलायन आणि पुनरागमन ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून तासाभराच्या आत आहेत. वडिलांना किल्ले नुसते दाखवू नका, ही साखळी सांगून दाखवा. चौथे ठिकाण सेंट डेव्हिड्सच्या कॅथीड्रलमध्ये आहे: हेन्रीने ज्यांना कधी पाहिले नाही त्या वडिलांची, एडमंड ट्यूडर यांची, कबर वेदीसमोर आहे. ती मूळची कारमार्दनच्या मठातली. मठ बंद झाल्यावर इथे हलवली.

पेम्ब्रोकहून वीस मिनिटांवर कॅरूचा किल्ला आहे, आणि आईंच्या दृष्टीने दक्षिणेतले हे सर्वोत्तम स्थळ आहे. किल्ला, समोरचे मोठे तळे आणि पलीकडची गिरणी यांभोवती सुमारे दीड किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट जाते आणि वाटेत बसायला जागा आहेत. ही गिरणी भरतीवर चालत असे. भरतीचे पाणी बंधाऱ्याच्या झडपांतून तळ्यात शिरे, ओहोटी सुरू झाली की झडपा मिटत, आणि बाहेरची पातळी पुरेशी खाली गेली की अडवलेले पाणी चाकांवर सोडले जाई. गिरणीवाल्याचा दिवस सूर्यावर नव्हे तर चंद्रावर ठरत असे. वेल्समध्ये जीर्णोद्धार झालेली अशी एकच गिरणी आहे. भांगाच्या दिवशी दुपारी गेलात तर तळे भरलेले आणि वाड्याच्या उंच खिडक्यांचे प्रतिबिंब पाण्यात, असे दोन्ही मिळेल. रस्त्याकाठी अकराव्या शतकातला कोरीव क्रूस उभा आहे. त्यावर दक्षिण वेल्सचा राजा मरेदीद याचे नाव आहे. बाराव्या शतकातील लेखक जेराल्ड ऑफ वेल्स याचे जन्मस्थान असलेला मॅनरबिअरचा किल्लाही जवळच आहे आणि समुद्राकडे तोंड केलेला तो देखणा आहे. वेळ उरल्यास तासभर थांबावे, न उरल्यास हळहळू नये.

दुसरा दिवस स्टॅकपोल आणि कॅसलमार्टिनच्या चुनखडीच्या किनाऱ्याला द्यावा. बॉशर्स्टनची कमळतळी म्हणजे खरे तर समुद्राकडे उतरणाऱ्या तीन दऱ्या. स्टॅकपोलच्या कॉडर घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बांध घालून त्यांची तळी केली. जूनमध्ये पांढरी कमळे ऐन बहरात असतात. पाणी इतके नितळ असते की तळाची हिरवी शेवाळाची गादी दिसते, आणि पहाटे गेले तर पाणमांजर दिसण्याची बरी शक्यता असते. आईंना आठ कमानींच्या पुलाच्या बाजूने न्यावे, तिकडची वाट सोपी आहे. स्टॅकपोलच्या धक्क्यापासून बॅराफंडलच्या पुळणीपर्यंत मात्र चढ आणि पायऱ्या आहेत. गाडीचा रस्ता तिथपर्यंत जातच नाही, आणि तिची शुद्धता टिकली आहे ती त्यामुळेच.

तिथून पश्चिमेला गेले की सेंट गोव्हनची मठी लागते. हे माझे स्वतःचे सर्वांत आवडते ठिकाण आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वाहनतळावर उभे राहिले तर समोर केवळ सपाट गवताळ पठार आणि क्षितिज दिसते. इथे काही आहे असा संशयही येत नाही. काठाशी गेल्यावर दगडी पायऱ्या खाली कड्याच्या भेगेत शिरताना दिसतात. पायऱ्या उंच-सखल आहेत आणि शतकानुशतकांच्या पावलांनी मध्ये खोलगट झाल्या आहेत. चढताना आणि उतरताना मोजल्या तर आकडा कधी जुळत नाही, अशी जुनी समजूत आहे. मुलीला मोजायला लावा. त्या थेट मठीच्या छपराशेजारून दारात पोहोचतात. मठी म्हणजे तेराव्या शतकाच्या आसपास बांधलेली एकच खोली, दोन्ही कड्यांच्या मध्ये पाचर ठोकावी तशी बसवलेली. आत दगडी वेदी आहे आणि तिच्या शेजारून कड्यात एक उभी कपार जाते. गोव्हन नावाचा साधू चाच्यांपासून पळत असताना खडक दुभंगला, त्याने त्याला पोटात घेतले आणि धोका टळल्यावर पुन्हा सोडले, अशी आख्यायिका आहे. कपारीच्या कडा माणसांच्या खांद्यांनी आणि तळव्यांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत. त्यांवर हात ठेवला की ओला, साबणासारखा स्पर्श होतो. समुद्राकडच्या झरोक्यातून लाटांचा आवाज आधी येतो आणि मग वारा. आईंना खाली नेऊ नये, परंतु वरच्या काठापासून थोडे बाजूला गेले की खालचे छप्पर दिसते.

इथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी लागते. हा सारा टापू लष्कराच्या कॅसलमार्टिन गोळीबार क्षेत्रात मोडतो. सराव असताना लाल बावटे लागतात आणि रस्ते बंद होतात. सरावाच्या वेळा आधी जाहीर केल्या जातात. त्या पाहिल्याशिवाय निघूच नये. मी पहिल्या वर्षी दोन गट घेऊन बंद फाटकापर्यंत जाऊन परतलो होतो, आणि तेव्हापासून भरतीच्या वेळापत्रकाशेजारी हे दुसरे वेळापत्रक लावतो. रस्ता खुला असेल तर मठीहून पश्चिमेला स्टॅक रॉक्स आणि ग्रीन ब्रिज पाहावेत. ग्रीन ब्रिज म्हणजे सह्याद्रीत आपण ज्याला नेढे म्हणतो तशी खडकातली आरपार कमान, फक्त हे नेढे समुद्रात पाय रोवून उभे आहे. ऑक्टोबर २०१७ च्या ओफेलिया वादळात त्याच्या समुद्राकडच्या पायाचा एक मोठा तुकडा कोसळला, त्यामुळे जुनी छायाचित्रे आणि आजचे रूप यांत फरक दिसेल. शेजारच्या दोन सुळक्यांवर, म्हणजे स्टॅक रॉक्सवर, जूनमध्ये गिलेमॉट पक्षी खांद्याला खांदा लावून हजारोंनी बसलेले असतात. पाहण्याची जागा वाहनतळापासून अगदी जवळ आणि सपाट आहे. आईंनी दुर्बीण घेऊन तिथे तासभर बसावे.

तिसरा दिवस मुलीचा. पफिनसाठी स्कोमर बेट. होड्या मार्टिन्स हेवन येथून सुटतात, रोज जाणाऱ्यांची संख्या मर्यादित असते, सोमवारी साधारणतः होड्या नसतात आणि आसने फार आधी भरतात. म्हणून पाच दिवसांतली पहिली नोंदणी हीच करावी आणि बाकी सारे तिच्याभोवती बसवावे. इथे भरतीपेक्षा वारा महत्त्वाचा आहे. बेटावरचा धक्का उत्तरेकडे उघडा आहे. त्यामुळे आकाश निरभ्र असले तरी उत्तरेचा वारा सुटला की होडी लागू शकत नाही आणि फेरी रद्द होते. म्हणून स्कोमर सहलीच्या शेवटी ठेवू नये. रद्द झाल्यास दुसऱ्या दिवसाची आशा हातात असावी.

धक्क्यावरून वर जाण्यासाठी ऐंशीहून अधिक उभ्या पायऱ्या आहेत, बेटावर खाण्याचे काही मिळत नाही आणि परतीच्या होडीपर्यंत सुमारे पाच तास तिथेच राहावे लागते. आईंसाठी हे योग्य नाही. त्यांच्यासाठी बेटाला नुसती प्रदक्षिणा घालणाऱ्या होड्या आहेत आणि पफिन पाण्यावर भरपूर दिसतात. बाकीच्यांनी बेटाच्या दक्षिणेकडील विक या खाचेपाशी जाऊन शांत बसावे. पफिन सव्वा वीत उंचीचा असतो. तो जमिनीतल्या बिळात घरटे करतो, आणि जूनमध्ये पिल्ले अंडी फोडून बाहेर आलेली असल्याने आई-बाप चोचीत रुपेरी मासे आडवे धरून समुद्रावरून येतात. उतरताना नारिंगी पाय पुढे पसरतात, गवतावर धप्पकन टेकतात, एकदा डावीकडे-उजवीकडे पाहतात आणि वाट ओलांडून बिळात शिरतात. तुमचे पाय त्या वाटेत असतील तर ते समोर थांबून राहतात. अशा वेळी आपण मागे सरकावे, कारण आकाशात टपलेले कुरव त्या चोचीतल्या माशांसाठीच घिरट्या घालत असतात. आखलेल्या वाटेबाहेर एकही पाऊल टाकू नये; सारी जमीन बिळांनी पोखरलेली आहे आणि एका पावलाने आख्खे घर दबते. २०२३ च्या मोजणीत स्कोमरवर ४२,००० हून अधिक पफिन भरले.

खरे आश्चर्य मात्र दिवसा दिसत नाही. स्कोमरवर मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या बिळांत राहतात. शेजारच्या स्कोकहोम बेटासह मोजले तर जगातील या जातीचा निम्म्याहून अधिक हिस्सा या चिमुकल्या बेटांवर येतो. त्यांचे पाय शरीराच्या फार मागे असल्याने त्यांना जमिनीवर धड चालता येत नाही, कुरवांच्या तावडीत सापडू नये म्हणून ते अंधार पडल्यावरच परततात आणि हिवाळ्यात थेट दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे जातात. वाटेवर पंखांचे अवशेष दिसतील. मुलीला त्यांचे कारण सांगावे, लपवू नये. दूरच्या ग्रासहोम बेटावरील गॅनेट पक्ष्यांची वसाहत २०२२ च्या बर्ड फ्लूने निम्म्याहून कमी झाली, आणि ती अजून सावरते आहे. तिकडे जाणाऱ्या होड्या बेटावर उतरवत नाहीत.

सेंट डेव्हिड्स हे लोकसंख्येने ब्रिटनमधील सर्वांत लहान शहर आहे. दोन हजारांहूनही कमी वस्ती. १९९५ साली राणी एलिझाबेथ यांनी स्वतः येऊन शहराची सनद दिली. गावात शिरल्यावर कॅथीड्रल शोधावे लागते, कारण ते एका खोलगट दरीत बांधले आहे आणि समुद्रावरून दिसत नाही. वायकिंगांनी येथील मठ पुन्हा पुन्हा लुटला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या जागेचे मोल कळते. वेल्सचे संत डेव्हिड यांनी सहाव्या शतकात इथे मठ स्थापिला. ११२३ च्या सुमारास पोप दुसरा कॅलिक्स्टस याने सेंट डेव्हिड्सच्या दोन वाऱ्या रोमच्या एका वारीइतक्या पुण्यप्रद मानल्या जातील असे ठरवले, आणि मग यात्रेकरूंची रीघ लागली. आजची वास्तू ११८१ मध्ये सुरू झाली. तिचा जांभळट वाळूचा दगड जवळच्याच समुद्रकड्यांतला आहे. पाऊस पडून गेल्यावर ऊन आले की त्याला पिकलेल्या करवंदाचा रंग चढतो. आत गेल्यावर दाराशी थांबून पाहावे: फरशी वेदीकडे चढत गेली आहे आणि खांब बाहेर कलले आहेत. जमीन मऊ आहे आणि तेराव्या शतकात भूकंपाचाही धक्का बसला. गायकवृंदाच्या आसनांखालची लाकडी कोरीवकामे विचारून पाहावीत; त्यांत होडीतून निघालेल्या यात्रेकरूंपैकी एकाला समुद्र लागल्याचे दाखवले आहे. पाचशे वर्षांपूर्वी इथे येणे म्हणजे काय होते, हे त्या हातभर फळीवर जितके कळते तितके कुठल्याही फलकावर कळत नाही.

ओढ्यापलीकडे बिशप हेन्री डी गोवर याने चौदाव्या शतकात बांधलेल्या प्रासादाचे भग्नावशेष आहेत. जांभळ्या आणि पांढऱ्या दगडांच्या सोंगट्यांच्या पटासारखी नक्षी असलेली त्याची कमानींची ओळ संध्याकाळच्या उन्हात पाहावी. कॅथीड्रलकडे उतरणाऱ्या पायऱ्या आईंना जड जातील. दुसऱ्या बाजूने उताराचा रस्ता आहे. गावाबाहेर संत डेव्हिड यांच्या आई नॉन यांचे स्थान आणि झरा आहे. तिथे गर्दी नसते.

यजमानांना चालण्यासाठी या भागासारखा भाग नाही. पेम्ब्रोकशरची किनारवाट १९७० मध्ये खुली झाली. ती १८६ मैल, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर लांब आहे आणि तिचा एकूण चढ एव्हरेस्टच्या उंचीहून अधिक भरतो. त्यातून एकच तुकडा निवडायचा तर मी अबरायदी ते पोर्थगाइन हा निवडीन. अबरायदीची निळी खाण म्हणजे जुनी पाटीच्या दगडाची खाण असून तिच्यात समुद्र शिरला आहे. पोर्थगाइनला खडी साठवण्याच्या विटांच्या अवाढव्य कोठ्या बंदरावर अजून उभ्या आहेत. अंतर तीन किलोमीटरच आहे, पण खाली दिसणाऱ्या पुळणींसाठी दीड तास धरावा. उन्हाळ्यात किनाऱ्याने धावणाऱ्या लहान बसगाड्या आहेत, म्हणून चालत जाऊन बसने परतता येते.

शेवटच्या दिवशी उत्तरेला फिशगार्ड. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी सुमारे १,४०० फ्रेंच सैनिक विल्यम टेट या अमेरिकी अधिकाऱ्याच्या हाताखाली जवळच्या कॅरेगवास्टड भूशिरावर उतरले आणि दोनच दिवसांत शरण आले. ब्रिटनच्या भूमीवरील ते अखेरचे परकीय आक्रमण. शरणागती स्वीकारणारे लॉर्ड कॉडर म्हणजे स्टॅकपोलचेच, कमळतळ्यांच्या घराण्यातले. जेमायमा निकोलस नावाच्या चांभार स्त्रीने काटेरी दाताळ्याने बारा सैनिक पकडून आणल्याची कथा गाव अभिमानाने सांगते. या प्रसंगाची द्विशताब्दी झाली तेव्हा इथल्या स्त्रियांनी सुमारे तीस मीटर लांबीचा भरतकामाचा पट तयार केला. तो नगरभवनात मांडला आहे. तुमच्या आईंना भरतकामाची आवड असेल तर तिथे एक तास सहज जाईल.

तिथून प्रेसेली टेकड्यांकडे वळावे. पेन्ट्रे इव्हान येथील दफनशिळा सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची आहे: पाच मीटर लांबीचा, सोळा टनांच्या आसपासचा दगड तीन उभ्या शिळांच्या अणकुचीदार टोकांवर टेकलेला. जवळून पाहिले तर टोक आणि वरचा दगड यांचा संपर्क तळहाताएवढाही वाटत नाही. स्टोनहेंजमधील लहान निळसर शिळा याच टेकड्यांतून गेल्या, हे १९२३ मध्ये भूवैज्ञानिक हर्बर्ट थॉमस यांनी दाखवले. पुढे कार्न गोएडॉग आणि क्रैग रोस-अ-वेलिन या नेमक्या जागाही ओळखल्या गेल्या. सुमारे २४० किलोमीटर आणि प्रत्येक शिळा दोन टनांहून अधिक. त्या जमिनीवरून ओढत नेल्या की पाण्यातून, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. घरी परतताना वाट वाकडी करून स्टोनहेंजला थांबता येत असेल तर जरूर थांबावे. उगम आधी पाहिलेला असला की तिथल्या लहान शिळांकडे नजर आपोआप जाते.

आता काय सोडावे ते सांगतो. तुमच्या यादीतली करमणुकीची उद्याने, प्राणिसंग्रहालय आणि सॉन्डर्सफुट या पाच दिवसांत नकोत. फ्रेशवॉटर वेस्टची पुळण भव्य आहे, परंतु तिथले प्रवाह ओढून नेणारे आहेत. पाहावे, पोहू नये. मार्लोसची पुळण भरतीला जवळजवळ नाहीशी होते, म्हणून स्कोमरच्या दिवशी दुपारनंतर ओहोटी असेल तरच जावे, आणि पाणी वळले की कड्यांच्या कोपऱ्यांपलीकडे थांबू नये. शाकाहारी जेवणाची फारशी अडचण येत नाही, मात्र गावे लहान असल्याने स्वयंपाकघरे लवकर बंद होतात. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि त्या उजेडात जेवणाची वेळ निघून गेल्याचे कळत नाही.

आईंविषयी तुम्ही सर्वांत शेवटी आणि बहुधा थोड्या संकोचाने विचारले आहे. कॅरूची वाट, कमळतळ्यांचा पूल, स्टॅक रॉक्सचा काठ, स्कोमरची प्रदक्षिणा, कॅथीड्रल, फिशगार्डचा पट आणि पेन्ट्रे इव्हान, एवढे त्यांना निश्चित पाहता येईल. पेन्ट्रे इव्हानला रस्त्यापासून शेताच्या कडेने थोडेसेच चालायचे आहे. याशिवाय या परगण्यातील काही पुळणींवर रुंद फुगीर चाकांच्या खुर्च्या मिळतात. त्या ओल्या वाळूतही रुतत नाहीत. त्यांची नोंदणी आधी करावी लागते. सेंट डेव्हिड्सजवळच्या व्हाइटसँड्सला अशी खुर्ची घ्या आणि ओहोटीच्या वेळी, पाणी दूर गेलेले असताना, त्यांना थेट लाटांपर्यंत घेऊन जा.